उरला फक्त दादाचा नमुना

दादा,

सापडलं! प्रयोगशाळेतून आत्ताच फोन आला. बाबांच्या जपून ठेवलेल्या रक्तात, आत्याच्या आणि माझ्याही रक्तात तोच एक जनुकीय बदल आहे, रक्तदाब वाढवणारा. मी पळतेय, चहा गाळून घे.

बाबांचा दाब तरुणपणापासूनच चढलेला असणार. "मी भांडलो म्हणून बाबा गेले" हे तुझं पालुपद आता बंद.

उरलास तू. सुईची भीती वगैरे चालणार नाही. सत्तरीच्या आत्याने हसत हात पुढे केला. आधी टेबलावरच्या मशीनवर दाब मोज आणि आकडा या चिठ्ठीमागे लिही. खरा लिही. माझा लिहिलाय, फारसा चांगला नाही. पण नेमक्या याच बदलावर चालणारी गोळी आहे, दादा! अकराला प्रयोगशाळेत ये. मी दारातच उभी असेन.