कोजागिरीपर्यंतची पोटगी

बाबा, काल कोजागिरीचं दूध करपलं. गॅसपाशी मीच उभा होतो, पण डोक्यात तुमच्याशी भांडत होतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे भांडण मिटत नाही.

तुम्ही आणि आई वेगळे झालात, तेव्हा कोर्टानं मी अठराचा होईपर्यंत पोटगी ठरवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही कळमेश्वरहून बसनं यायचात आणि मी नंदनवनातल्या आमच्या घरून सायकल हाणत सदर भागात, वकिलांच्या ओसरीवर. पाकीट माझ्या हाती द्यायचात, मग कोपऱ्यावरच्या टपरीत चहा आणि आलुबोंडा. "अभ्यास करून राहिला ना?" एवढंच विचारायचात. मला तेवढं पुरायचं. आई म्हणायची, "कोर्टाच्या भेवानं येते तो, मायेनं नाही." मला ते खोटं ठरवायचं होतं.

माझा जन्म कोजागिरीचा, पण शाळेत घालताना वर्ष वाया जाऊ नये म्हणून तुम्हीच मास्तरांना जूनमधली जन्मतारीख सांगितली होती. तेव्हा सगळेच तसं करायचे. त्या थापेमुळे मी कागदावर कोजागिरीच्या आधीच, जूनमध्ये, अठराचा झालो. वकील म्हणाले, आता पोटगी बंद. तरी जुलैतल्या रविवारी मी गेलो, आणि तुम्ही आलात! पाकिटासकट.

"वकील तर म्हणे, संपलं."

"कोर्टाले कागद माहीत आहे गा. मले तुही कोजागिरी माहीत आहे."

घरी येऊन आईला ऐकवलं. ती पाकिटातले पैसे मोजत राहिली. मी मात्र कोजागिरीपर्यंत हवेत होतो.

मोठा मुलगा म्हणून त्या कोजागिरीला आईनं मला ओवाळलं. पुढच्या पहिल्या रविवारी शिकवणीचे पैसे खिशात घालून निघालो. आज चहा माझ्याकडून. आई दारातच म्हणाली, "आता काहून जाऊन राहिला? झाला ना तू अठराचा!"

तुम्ही आला नाहीत. दुपार कलली, वकिलांच्या गड्यानं ओसरी झाडून घेतली, तरी नाहीत.

राग येतो बाबा, अजून येतो. खरी तिथी लक्षात ठेवलीत, ती नेमकी थांबण्यासाठीच? की रिकाम्या हातानं यायची लाज वाटली? मला पाकीट नको होतं हो. कळमेश्वर काही फार लांब नव्हतं, मीही येऊ शकलो असतो. पण तुम्ही बोलवाल म्हणून अडून बसलो, आणि आली ती तुमच्या जाण्याचीच खबर.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला म्हणालो, बाबा आले होते. खरं तर टपरीवर मी एकट्यानंच दोन चहा सांगितले होते. दोन्ही मीच प्यायलो.