रिक्षात मावेल एवढा दांडा

सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ

अजून हसू आवरत नाहीये. लाजही वाटतेय. वीस वर्षं आनंदनगरच्या कंपनीत फिटर आहे मी, आणि अवजाराचा दांडा आखूड केला! का? तर बदलापूर स्टेशनहून गावी जाताना शेअर रिक्षात मावावा म्हणून.

आमच्या शेताच्या बांधावर सुबाभूळ माजलीय. तोडली की दुप्पट फुटते, म्हणून मुळासकट उपटायला मी लोखंडी जबडा बनवला. जबड्यात खोड पकडायचं आणि दांडा खाली दाबायचा. बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "ह्यानं काय दात कोरायचे?" मी दांड्यावर अक्षरशः लटकलो. माझे पाय जमिनीवरून सुटले, झाड काही हललं नाही.

बाबा विहिरीजवळचा जुना पाइप घेऊन आले, माझ्या आखूड दांड्यावर चढवला आणि एका हातानं दाबला. सुबाभूळ मुळासकट वर! पुढच्या नऊ झाडांना तर मला हातही लावू दिला नाही.

निघताना मी अवजार उचलायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे इथंच. आता ते रिक्षात मावायचं नाही."