निळीचा पांढरा रुमाल

बोरगाव मेघे, वर्धा
गुरुवार, १ ऑक्टोबर २००९

श्रीमान मधुकररावजी यांच्या सेवेशी, बहिणीच्या नवऱ्याचा कमरेत वाकून नमस्कार.

आपली, वहिनींची, आपल्या डाव्या गुडघ्याची आणि दोन्ही बैलांची प्रकृती उत्तम असावी अशी आशा करतो. (बैलांची चौकशी रीत म्हणून केलेली नाही. त्यांच्या जातीविषयी माझ्या मनात परवापासून जो आदर उत्पन्न झाला आहे, तो पुढे कळेलच.) दसऱ्याचं सोनं सोबत घातलं आहे. पान वाळून तुकडे झाले असतील, तरी सोनंच समजून घ्यावं.

फोन सोडून पत्र काऊन, असं आपण म्हणाल. आमचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर लावलेला आहे, आणि आपल्या भगिनी वच्छलाबाई यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नसली तरी माझं हळू आवाजातलं बोलणं विहिरीपाशीही ऐकू येतं. शिवाय जे घडलं आहे ते फोनवर मावणारं नाही. दोन दिवस झाले, मला जेवण सुचत नाही. ज्याला त्याला दुकानात बसवून सांगतो आहे, गिऱ्हाईक लुगडं मागतं आणि मी त्याला मोर्चा सांगतो.

तर मूळ कारण असं की आठ-दहा दिवसांपूर्वी पेपरात बातमी आली. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना नवा कर बसणार म्हणे, आणि तोही धुराच्या मापाने, म्हणजे जी जास्त धूर सोडेल तिला जास्त. झालं, आमच्या चौकात आग लागल्यासारखी धावपळ. ओमप्रकाश (चौकातला किराणावाला, त्याच्या व्हॅनचं दार दोरीने बांधलेलं असतं ते आपण पाहिलंच आहे) सकाळी सातला माझ्या दुकानात येऊन म्हणाला, ‘‘भाऊ, धुआं त आमचा आंघोळीचा बंबही सोडते. त्याच्यावरही लावा म्हणा टॅक्स.’’ प्रेमदास गुरुजींनी (हे शाळेतून निवृत्त झाले, पण फळ्यावरून नाही) माझ्याच कापडाच्या पुठ्ठ्यावर गणित मांडून दाखवलं की आजूबाजूच्या वीटभट्ट्यांच्या धुरात त्यांच्या जीपचा धूर शोधायला भिंग लागेल. एकाने तर आपली गाडी सहा वर्षांपासून गोठ्यात बंद आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात, तेव्हा हवा शुद्ध ठेवल्याबद्दल सरकारनेच आपल्याला काही द्यावं, असा मुद्दा काढला. सगळ्यांना तो पटला.

आणि मी काय केलं म्हणून विचाराल, तर उठून निळीपाशी जाऊन उभा राहिलो. आमची निळी म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, तरी सांगतो, कारण सांगताना मला बरं वाटतं. एकोणऐंशीच्या वैशाखात अण्णाजी, म्हणजे आपले वडील, लेकीला याच निळ्या गाडीतून सासरी पोचवायला आले, आणि आमच्या फाटकाशी गाडी जी बंद पडली ती दोन दिवस हलली नाही. तिसऱ्या दिवशी अण्णाजी म्हणाले, ‘‘राहू द्या जी इथंच, पोरीले सोबत होईन,’’ आणि एसटीत बसून गिरडला निघून गेले. कोणी दिली नाही, कोणी मागितली नाही, मुक्कामाला राहिली ती राहिलीच. कागद मागाहून माझ्या नावावर झाले. तीस वर्षांत ती माझ्यावर इतकी रुसली आहे की तिचे नियम मला पाठ झाले आहेत. उतार पाहून उभी करायची. दिवसातून एकदाच बंद करायची. आणि चालू होताना मागे कोणाचं वाळवण नसावं, कारण पहिल्या मिनिटात ती जो धूर सोडते त्यात आमचं फाटकही दिसत नाही. आता अशा गाडीला धुराच्या मापाने कर म्हणजे तिला भंगारात घाला असं सरळ सांगण्यासारखंच झालं. ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

म्हणून ‘जुनी गाडी बचाव समिती’ निघाली. मी अध्यक्ष झालो. (अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी चहाचे कप तोंडाला लावले. माझा कप तेवढा रिकामा होता.) दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गाड्या धुतलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या असताना, बारा जुन्या गाड्यांचा मोर्चा न्यायचा, आरटीओच्या साहेबांना निवेदन द्यायचं. आणि इथे माझ्या डोक्यात ती कल्पना आली, जिचा मला मंगळवारी दुपारी साडेबारापर्यंत फार अभिमान होता. प्रत्येक गाडीच्या धुराच्या नळीला पांढरा रुमाल बांधायचा. नाक्यापासून साहेबांच्या दारापर्यंत यायचं आणि रुमाल सोडून दाखवायचे, की पाहा, कुठे आहे धूर. कापड माझ्या दुकानातलं, कोरं मांजरपाट, बारा तुकडे मी स्वतः फाडले. ‘‘अन् काळे निघाले त?’’ असं वच्छलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं होतं. मी म्हटलं, दोन किलोमीटरमध्ये काय काळे निघतात. बायकांना मोर्च्यातलं कळत नाही, असंही म्हटलं. ते आता आठवलं की मी विषय बदलतो.

सकाळी आधी केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. मी मनातल्या मनात नवस बोललो की माझा रुमाल पांढरा निघू दे, एकशे एक मोदक चढवीन. (इतरांच्या रुमालांचं नाव घ्यायला मी विसरलो. देवाने मी मागितलं तेवढंच ऐकलं, हे ध्यानात ठेवा.) केळझरला उतार भरपूर, निळी घरंगळत चालू झाली आणि वर्ध्याच्या नाक्यापर्यंत अशी पळाली की मी डोळे पुसत होतो. ते भावनेने की धुराने हे सांगता येत नाही. नाक्यावर पेपरवाल्याच्या समोर रुमाल बांधायचे ठरले होते, म्हणजे नंतर कोणी बदलले म्हणायला नको. रुमाल बांधायचा तर नळी थंड हवी, म्हणून सगळ्यांनी गाड्या बंद केल्या. सगळ्यांच्या उत्साहात मीही चावी फिरवली. फिरवल्यावर आठवलं. दिवसातून एकदाच. आणि नाका म्हणजे पोळपाटासारखा सपाट.

अकरा गाड्या घरघरत, घोषणा देत पुढे निघून गेल्या. निळीच्या पोटातून एकदा ‘खट्’ असा आवाज आला आणि मग काहीच नाही. अध्यक्ष नाक्यावर, मोर्चा गावात. मी बोनेट उघडून आत पाहत उभा होतो (आत काय पाहायचं असतं ते मला अजून माहीत नाही, पण बोनेट उघडल्याशिवाय धीर धरवत नाही), तेवढ्यात रूपराव नावाचा एक शेतकरी रिकामी बैलबंडी घेऊन आला. बैलांच्या शिंगांवर पोळ्याचा रंग अजून शिल्लक होता. ‘‘काऊन जी, मोटर बिमार हाये का?’’ म्हणाला, आणि माझं उत्तर व्हायच्या आधी त्याने बंडी कडुनिंबाखाली सोडली, दोर काढला, बैल निळीला जुंपलेही. मधुकररावजी, काय ते बैल. रस्त्यात लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हाही मोर्च्यातलाच देखावा. मी खिडकीतून हात हलवत होतो. तीस वर्षांत निळी इतकी सरळ कधी चालली नव्हती.

कचेरीच्या फाटकाशी शिपायाने बैल अडवले, आत जनावर चालत नाही म्हणून. रूपरावाने दोर सोडला, मागून एक धक्का दिला, आतल्या बाजूला जरासा उतार होता, आणि निळी आवाज न करता, माळ सावरत, थेट साहेबांसमोर जाऊन थांबली. बाकीच्या अकरा गाड्या तिथे पोचून उभ्या होत्या, आणि त्यांनी मिळून असा धूर करून ठेवला होता की साहेबांच्या नाकाला रुमाल. मग रुमाल सोडले. ओमप्रकाशचा तव्यासारखा. गुरुजींचा असा की त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि त्यांचा सदराही गेला. अकराचे अकरा काळे. बारावा सोडला तो माझा. कोरा, फाडला तसा पांढरा, वर दुकानाचा शिक्काही वाचता येत होता.

साहेबांनी तो उन्हात धरून पाहिला. तीस वर्षांवरची गाडी आणि हा रुमाल, असं दोनदा म्हणाले. आवाजही नाही, असं म्हणाले. मी ‘‘साहेब, त्याचं असं आहे की’’ इथपर्यंत आलो होतो, खरंच आलो होतो, पण पेपरवाल्याने माझ्या हातात रुमाल देऊन फोटो काढला, आणि फोटोत तोंड उघडं दिसू नये म्हणून मी ते मिटलं. त्यानंतर साहेब समितीकडे वळले आणि म्हणाले की एक माणूस इतकी जुनी गाडी अशी ठेवू शकतो, तर बाकीच्यांनी तक्रार कसली घेऊन यावी. निवेदन त्यांनी वाचलंसुद्धा नाही. अशा रीतीने समितीच्या अध्यक्षाने समिती बुडवली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ओमप्रकाश तेव्हापासून मला पाहून दुकानाचं अर्धं शटर ओढतो.

आणि कळस म्हणजे, साहेबांना निळी इतकी आवडली की भाऊबीजेनंतरच्या शनिवारी ते सहकुटुंब आमच्याकडे येणार आहेत, निळीत बसून केळझरला जायला. ही बातमी चौकात पोचली आहे. त्या शनिवारी अकराही जण आमच्या फाटकासमोर खुर्च्या टाकून बसणार, असं गुरुजींनी जाहीर केलं आहे.

बाकी इकडे सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. लोभ माझ्यावर आहेच, तो थोडा गाडीवरही असू द्यावा.

आपला,
प्रभाकर

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते लिहितो. परवा रूपरावाच्याच बैलांनी निळी घरी आणली, आणि काल गुलाब मिस्त्रीने ती तपासली आणि बोनेट हळूच लावून घेतलं. इंजिन गेलं. दुरुस्त होण्यासारखं नाही, असं तो म्हणाला. हे वच्छलेला सांगायची माझी छाती नाही. दर दसऱ्याला ती आधी निळीला कुंकू लावते आणि मग घरातल्या बाकी वस्तूंना. म्हणून विनंती अशी, की भाऊबीजेला ट्रॅक्टर घेऊन यावं, आणि ओवाळून झाल्यावर बहिणीकडे गाडी मागावी. त्या दिवशी भावाने द्यायचं असतं हे मला कळतं, पण आपण मागितलं तर ती नाही म्हणणार नाही. आपल्या वावरात आंब्याखाली उभी करा. भंगारवाल्याच्या काट्यावर मला ती पाहवणार नाही. साहेबांना मी सांगेन, गाडी माहेरी गेली आहे.

ता. क. दुसरा. हे पत्र वच्छलेच्या हाती लागू नये म्हणून मी स्वतः पेटीत टाकणार आहे.

दादा, मी वच्छला. ह्यायचा शर्ट धुवाले घेतला त खिशात हे सापडलं. आता मीच टाकून राह्यली. इंजिन गेलं हे मले मंगळवारीच माईत झालं, गुलाब नाक्यावर होता, निळीचा आवाज आयकूनच त्याले कळलं अन् त्यानं मले फोन केलता. मीच त्याले म्हटलं का ह्यायले एक दिवस सांगू नको, मोर्च्याची खुशी राहू दे. मले जे रडाचं होतं ते मी रडून घेतलं, ह्यायले दिसलं नाई. हे रोज सकाळी गाडीत बसून पेपर वाचतात अन् तिथूनच चहा मांगतात. तीस वर्सं झाले, सकाळचा चहा घरात बसून पेले नाईत. गाडी गेली त हे कुठं बसतीन? मनून तू भाऊबीजेले येजो, पण गाडी मांगू नको. मांगशीन त मले द्या लागन. करंज्या मांग, चिवडा मांग. अन् ट्रॅक्टर आणू नको, बैल आणजो, अन् शनवारपर्यंत राह्यजो. साहेबाले निळीतच बसवू, समोर बैल जुंपू, साऱ्या चौकाच्या देखत. लपवाचं काय त्यात? धूर निघत नाई, हे काई खोटं नाई.