क्षमामातेच्या ओंजळीत

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पोहोचलो. वसईहून निघताना कपाळावर चर्चमध्ये लावलेली राखेच्या बुधवारची राख होती. वर्ध्याला उतरेपर्यंत ती घामाने नाकावर आली होती. स्टेशनवर एका बाईने हसून सांगितलं, "कपाळाले काई लागलं हाय जी." मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो. पुढे आर्वीमार्गे कारंजा घाडगेची एसटी. शेजारच्या माणसाने न मागता माझ्या झोळीत संत्री टाकली आणि मी कुठला, काय करतो, लग्न का केलं नाही, हे सगळं विचारून घेतलं. फादर म्हणजे काय ते सांगितल्यावर कीव येऊन आणखी संत्री दिली.

क्षमामातेचं देऊळ (इथे सगळे देऊळच म्हणतात) हायवेपासून आत, बागांच्या पलीकडे एका बुटक्या टेकडीवर आहे. एका खोलीचं चॅपेल, पुढे कडुनिंब, बाजूला यात्रेकरूंसाठी खोली. कायमचा धर्मगुरू नाही. खालच्या गावातल्या कोकिळाबाई झाडलोट करतात, दिवा लावतात, आल्यागेल्याला जेवू घालतात. त्या ख्रिस्ती नाहीत. येणारे बहुतेक नसतातच. माउली मनातला राग घेते, एवढं त्यांना पुरतं.

मला बिशपांनी पाठवलं आहे. यात्रेला जा, राग तिथे टाकून या, म्हणाले. जणू राग म्हणजे चपला!

माझी धाकटी बहीण, सिस्टर रेजिना, मागच्या वर्षी याच हायवेवर गेली. दवाखान्यातून स्कूटरवर परत येत होती. रूपराव नावाच्या इथल्या एका बड्या माणसाने उलट्या बाजूने जीप घातली. थांबला नाही. पुढच्या धाब्यावर गाडी धुवून घेतली आणि तिथेच जेवला. रेजिना रस्त्याच्या कडेला अजून श्वास घेत होती तेव्हा हा माणूस रोटी मोडत होता. जामिनावर सुटला त्या दिवशी त्याच्या लोकांनी गुलाल उधळला.

बिशपांना मी "बरं" म्हणालो. आलो आहे ते राग टाकायला नाही, ती जागा बघायला. तरीही आज कडुनिंबाखाली बसून संत्री खाताना देवाचे आभार मानावेसे वाटले. तेही पुष्कळ दिवसांनी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी एकट्यानेच क्रूसाच्या वाटेची प्रार्थना केली. टेकडीभोवती दगडांवर क्रूस कोरले आहेत. प्रभूला त्याची आई भेटते त्या दगडापाशी बराच वेळ उभा राहिलो. 'बापा, त्यांना क्षमा कर,' असं तो म्हणाला. पण ती? मरियेने त्या सैनिकांना क्षमा केल्याचं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही. ती गप्प उभी राहिली. त्या गप्प राहण्यात काय होतं ते मला ठाऊक आहे, असं आज वाटलं. आम्ही पाद्री लोकांना क्षमेवर प्रवचनं देतो. ज्याचं माणूस मेलं त्याच्या हातात शेवटी राग तेवढा उरतो, आणि आम्ही म्हणतो, तोही दे.

मग आत गेलो. मरियेची मूर्ती काळ्या दगडाची, पुरुषभर उंच. चेहरा शांत. हात ओंजळीसारखे पुढे केलेले, आणि ती ओंजळ कपाळं टेकून टेकून खोल झालेली. यात्रेकरूने करायचं ते मीही केलं. वाकून कपाळ ठेवलं. दगड सावलीत होता, तरी कोमट लागला, ताप आलेल्या माणसाच्या हातासारखा.

'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं. 'जसे आम्ही आमच्या अपराध्यांची क्षमा करतो' इथे गेलं वर्षभर माझी जीभ अडायची; भर मिस्सेत लोक माझ्यासाठी थांबायचे. आज शब्द सरळ निघून गेले. बाहेर आलो तर अंग हलकं वाटलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

गाढ झोपलो. दुपारी कोकिळाबाईंकडे जेवायला गेलो. त्यांचा जावई आला होता. त्यांनी त्याला पाट दिला, आग्रहाने वाढलं, तो निघाल्यावर दारापर्यंत पोहोचवायला गेल्या. मुलगी कुठे आहे, असं मी सहज विचारलं.

"त्यानंच जाळली तिले," बाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात वरण वाढलं.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. राग येत नाही का, विचारलं. "येत होता ना फादर. लय येत होता. घासलेटाचा डबा घेऊन गेलती मी त्याच्या घरी. मंग कोणीतरी माउलीकडे आणलं. आता काई वाटत नाई."

मुलीचं नाव काय, विचारलं. बाईंचा हात ताटावर थांबला. त्यांनी चुलीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग हसल्या. "पोरगी होती एक. गोरी होती का सावळी, आता नाई सांगता येत."

मी ताटावरून उठलो. ही क्षमा आहे? येशूने अशी क्षमा शिकवली? त्याने मेलेल्या लाजरसाला हाक मारली ती नावाने! बाई मागून विचारत होत्या, "तुमाले काऊन राग येऊन राह्यला? डोकं ठेवून या ना एकडाव."

२२ फेब्रुवारी, रविवार

मिस्सा करून हायवेवर गेलो. ती जागा सापडली. धर्मभगिनींनी तिथे छोटा पांढरा क्रूस लावला आहे, त्यावर ट्रकांची धूळ. वर्षभर या जागेचा विचार आला की मी हातातलं काम टाकून उठायचो. आज क्रूस पुसला, आणि धूळ बरीच आहे, एवढंच मनात आलं.

घाबरून रेजिनाचा चेहरा आठवायला गेलो. हनुवटीवर विहिरीच्या काठावर पडल्याची खूण होती. हसताना ती घशातून कसला तरी आवाज काढायची. कसला?

आईला फोन केला. ती नेहमीप्रमाणे रेजिनाबद्दल बोलू लागली. तो आवाज कसला ते मी तिला विचारलं. आई म्हणाली, अरे अल्बन, तूच तिला त्यावरून बदक म्हणायचास. मला काहीच आठवलं नाही. आईने दोनदा विचारलं, तू बरा आहेस ना?

मी बरा नाही. मला लुटलं आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बॅग भरली. फाटकापर्यंत जाऊन परतलो. माझी बहीण त्या दगडापाशी सोडून कसा जाऊ? ती त्याला मी दिलेली नाही. मी राग दिला असेन, फार तर. रागाला धरून तीही ओढली गेली. मला आता कळतंय की मी तिला रागाच्याच मुठीत धरून ठेवलं होतं.

दिवसभर तिच्याविषयी आठवेल ते मोठ्याने बोलत बसलो. चपला फटफट वाजवत चालायची. भजन बेसूर म्हणायची, आणि सगळ्यांत मोठ्याने. इंजेक्शन देताना मुलांना शिव्या शिकवायची. संध्याकाळी हेच पुन्हा बोलायला गेलो तर भजनापाशी थांबलो. सूर आठवेना.

देवा, हे तुझ्या आईच्या नावाने चाललंय. तुला चालतं?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज बबनराव नावाचा एक शेतकरी शिव्या देत टेकडी चढून आला. बांधाच्या भांडणात पुतण्याने याच्या मुलाच्या अंगावर ट्रॅक्टर घातला. खिशात मुलाचा फोटो. मला दाखवला. कॉलेजचा, नवा शर्ट, केस तेल लावून बसवलेले.

मी दारात आडवा उभा राहिलो. सांगितलं, आत जाऊ नका, राग राहू द्या, तो तुमचा आहे, हवं तर मी तुमच्याबरोबर कोर्टात येतो, आयुष्यभर येतो. त्याचे डोळे लाल होते. "बाजूले व्हा फादर," तो म्हणाला. "मले झोप पाह्यजे."

त्याने मला ढकललं. मी पडलो. उठेपर्यंत त्याचं कपाळ ओंजळीत होतं.

बाहेर आला तेव्हा घाम पुसत होता, हसत होता. मी धावत जाऊन त्याच्या खिशातला फोटो काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने नीट पाहिला. परत माझ्या हातात दिला.

"कोण व्हय हा पोट्टा? चांगला दिसते."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तो मान हलवत उतरून गेला. फोटो माझ्याकडे आहे.

उद्या मूर्ती फोडणार. येशूने मंदिरात टेबलं उलथली, चाबूक घेतला. मी सब्बल, इथली लोखंडी पहार, घेईन.

२५ फेब्रुवारी, बुधवार

भर दुपारी सब्बल घेऊन आत गेलो. दार लोटून घेतलं.

चेहरा — शुक्रवारी शांत होता, मी शपथेवर सांगतो. आता भुवया जवळ आल्यात. जबडा आवळलाय. दगडाचा जबडा. दात खात असलेल्या बाईसारखी — किती जणांचा राग आत कोंबलाय आम्ही.

सब्बल उगारली. तोल सांभाळायला डावा हात ओंजळीवर टेकवला. आत कुजबुज होती. हात भाजत होता तरी कान लावला.

माणसं. दगडात माणसं शिव्या देत होती. शेकडो. बबनराव — कालचाच आवाज. कोकिळाबाई, तरुण, गळा फाडून: मीरा, माझी मीरा. आणि मग मी. माझाच आवाज. रूपरावाला असं काही म्हणत होतो की जे मी एकांतातही कधी — आणि मधे मधे, रेजिना. रेजिना, हनुवटीची खूण, चपला, भजन. आणि एकदा, अगदी आतून, ते हसू. बदकासारखं.

ती आहे. आत आहे. फोडलं तर कुठे जाईल?

कानाने नीट ऐकू येत नव्हतं. कपाळ लावलं तर ऐकू येईल, हे कळत होतं. त्याचं काय होईल, तेही कळत होतं. मी अजाणता केलं नाही. फक्त एकदा — ते हसू पुन्हा एकदा —

सब्बल बाहेर कुणीतरी ठेवली आहे. कोकिळाबाईंना विचारलं, मीरा कोण? म्हणाल्या, कोण मीरा?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हवा छान. संत्री गोड.

एक गृहस्थ आले होते, रूपराव. मोठी जीप. मी इथे आहे असं कळलं म्हणून भेटायला आले. माझ्याकडे बघून आधी घाबरले, का कोण जाणे. मी चहा दिला. मग रडले. रस्त्याचं काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, होतं असं. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

खिशात एका मुलाचा फोटो सापडला. केस तेल लावून —

कुणाचा असेल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आई आली. या वयात, एकटी, वसईहून. फोनवर माझा आवाज ऐकून राहवेना म्हणाली.

ती फार चिडली आहे. रेजिना, रेजिना म्हणते. मी कोण रेजिना विचारलं तेव्हा तिने मला मारलं. दोन्ही हातांनी, छातीवर. पुन्हा पुन्हा. तिच्या अंगात इतका जोर असेल असं —

बिचारी. कोणी तिला इथे आधी आणलंच नाही.

हात धरून चॅपेलपर्यंत आणली. उंबऱ्यावर बसून राहिली आहे, आत येत नाही. म्हणते, माझी पोर मी देणार नाही. माझ्या पोराला सोड, असंही म्हणते — मूर्तीकडे बघून. अजून ओरडते आहे. इतका राग बरा नाही, तिला झोप लागली पाहिजे.

कोकिळाबाई आल्या. त्या पाय धरतील, मी डोकं. मान ताठ धरली आहे आईने, वही खाली ठेवतो, दोन्ही हात लाग—