रज्जाकचाचांचं हँडल

३ फेब्रु., मंगळ.
व्हिडिओ गेमचं खोकं आज दोनदा बंद पडलं. आधी पडद्यावर आडव्या रेघा, मग सगळी गिचमीड. अण्णा हँडल धरून तसेच बसून. पाच मिनिटांनी मला म्हणाले, "सिस्टर, लाइट गेली काय?" लाइट होती. डोक्यावर पंखा फिरत होता.
जेवले नाहीत. खेळ झाल्याशिवाय जेवण नाही, जेवणाशिवाय गोळ्या नाहीत. आई म्हणाली, "पार्लर बंद करून सोळा वर्षं झाली, ह्या खोक्यानं काय आमचा पिच्छा सोडला न्हाय."
वडिलांनी आपल्याला सिस्टर म्हटल्याचं आता काही वाटत नाही, असं मी दवाखान्यात सगळ्यांना सांगते. चौदा महिने झाले. वाटतं. रोज वाटतं.

५ फेब्रु., गुरु.
गजानन मेकॅनिक येऊन गेला. शाळा बुडवून याच खोक्यावर खेळत मोठा झालेला माणूस, मागचं दार उघडताना चप्पल बाहेर काढली त्याने. बोर्ड बघून चुकचुकला. "ताई, ह्यो आता महिनाभराचा सोबती. ह्या चिपा कुठं मिळत न्हाईत."
दोन रस्ते म्हणाला. सॉफ्ट नाहीतर हार्ड. सॉफ्ट म्हणजे आत एक छोटा कॉम्प्युटर बसवायचा, तो जुन्या बोर्डाचं सोंग घेतो. हार्ड म्हणजे एक वेगळा बोर्ड येतो, त्याच्यातल्या जोडण्याच जुन्यासारख्या करून घ्यायच्या. मला कळेना तेव्हा म्हणाला, "सॉफ्ट म्हंजी बहुरूपी. हार्ड म्हंजी जुळा भाऊ."
आणखी एक दाखवलं. दुसऱ्या हँडलच्या आतली उजवीकडची पत्ती, म्हणजे हँडल वळवलं की टेकणारा स्विच, चिकटून बसलीय. म्हणून निळा गडी आपोआप पुढं चालतो. मला वाटलंच होतं तसं.
(खेळ असा: रस्त्याने दोन गडी गुंडांना मारत पुढं जातात. लाल अण्णा, निळा रज्जाकचाचा. चाचा पार्लरमधले अण्णांचे भागीदार, जाऊन अकरा वर्षं झाली. अण्णा रोज तीन वाजता वाटीतली जुनी दोन नाणी टाकतात, एक स्वतःचं, एक त्यांचं. आणि दोघंही पुढं गेल्याशिवाय पडद्यावरचा रस्ता सरकत नाही, एकट्याने भागत नाही. म्हणजे अण्णांना विसर पडायला लागल्यापासूनची तीन वर्षं आमचं घर एका चिकटलेल्या पत्तीवर चाललंय.)

८ फेब्रु., रवि.
सॉफ्ट बसवलं. चित्र तेच, आवाज तोच. लाइट गेली तरी जिथं खेळ थांबला तिथून पुन्हा सुरू करता येतो. मी खूश. गजानन खूश.
अण्णांनी दोन नाणी टाकली. दोन मिनिटं खेळले आणि हात काढून मांडीवर ठेवले.
"मधी कोन बसलंय?"
"कुठं अण्णा?"
"आत. म्या दाबतो. ते आधी ऐकून घेतं, मग करतं."
गजाननचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाला, उशीर होतो खरा, बटण दाबल्यापासून ठोसा दिसेपर्यंत. पण पापणी लवायला लागतो त्याहून कमी. त्याला स्वतःला कळला नव्हता. मी वीस वेळा दाबून बघितलं, मलाही नाही. ज्या माणसाला पोटची पोरगी ओळखू येत नाही त्याला तेवढं कळलं.

१० फेब्रु., मंगळ.
आज खोक्यासमोर बसलेच नाहीत. पाठ करून बसले आणि पडद्यावर टॉवेल टाकला. माझ्याशी कुजबुजत बोलत होते. "हळू बोल सिस्टर. ऐकतंय ते."
मी हसण्यावारी नेलं. पण टॉवेलआडून दुपारभर खेळाची तीच ती धून येत होती आणि मी पाणी प्यायला गेले तीसुद्धा हळू पावलांनी.

११ फेब्रु., बुध.
खोक्यावर अर्धी भाकरी ठेवलेली. अण्णा म्हणे, "त्याला खायाला दे, म्हंजी जाईल."
आईचा पारा चढला. भाकरी उचलून गाईला टाकली. "निवद दाखवायचं आमच्या घरात छप्पन साली दीक्षा घेतली तवाच बंद झालंय. तुमच्या बापानं बंद केलंय." शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, एकदा सोनारीला भैरवनाथाला नेऊन आणा की. आई म्हणाली, "त्यास्नी डॉक्टरकडं नेऊन आणलंय, तेवढं बास." काकूंना राग आला. आता आठवडाभर ताक मिळणार नाही.
सॉफ्ट नको. गजाननला फोन केला. हार्डचा बोर्ड त्याच्या ओळखीचा एकजण पुण्याहून पाठवतोय, दहा दिवस. तोवर जुना बोर्ड परत.

१२ फेब्रु., गुरु.
जुना बोर्ड पुन्हा लावला. रेघा येतात, पण चालतो. अण्णांनी टॉवेल काढला. निळा चालायला लागला आणि त्यांनी मान डोलावली. दीड भाकरी खाल्ली. बी.पी. १३०/८४.

२१ फेब्रु., शनि.
जुना बोर्ड सकाळी गेला तो गेलाच. वेळेवर नवा आला म्हणायचा. गजाननला म्हटलं, आता उघडलंच आहे तर हँडलं, बटणं, पत्त्या, सगळं नवं टाका. अर्धवट काम मला आवडत नाही.

२२ फेब्रु., रवि.
हार्ड बसवलं. अण्णांनी एकच ठोसा मारला आणि उसासा सोडला. "हं. आला ताळ्यावर." मी आणि गजानन एकमेकांकडं बघून हसलो. शेवटी जमलं.
मग दुसरं नाणं. लाल पुढं गेला. निळा जागचा हलेना.
लाल पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन थांबला. रस्ता सरकेना.
"रज्जाक, कायकू रुक्या रे? चल की."
एक तास वीस मिनिटं. घड्याळ लावून सांगते. मधून मधून हळूच, "रुसला काय?"
मी बाहेर येऊन गजाननला विचारलं, जुन्या पत्त्या कुठं आहेत. "भंगारात, ताई. तुमीच म्हनलात सगळं नवं टाका."
मीच म्हटलं होतं. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

२४ फेब्रु., मंगळ.
गजाननने युक्ती केली. दुसऱ्या हँडलची उजवीकडची वायर कायमची जोडून टाकली, म्हणजे निळा चालतच राहणार. चालला. गुंडांच्या घोळक्यात सरळ घुसला, मार खाऊन अर्ध्या मिनिटात आडवा.
अण्णा म्हणाले, "ह्यो रज्जाक न्हाय. रज्जाक माघारी बी बघतो."
ते मनाला लागून राहिलं. दिवाळीत मी मोबाइलवर त्यांचा खेळताना व्हिडिओ काढला होता, जुन्या बोर्डावर. तो काढून बघितला. निळा चालतोय, चालतोय. मग थांबतो. मागे वळतो. लालच्या पाठीमागून आलेल्या गुंडाला ठोसा मारतो आणि पुन्हा पुढं चालायला लागतो. दुसऱ्या हँडलसमोरचं स्टूल रिकामं.
लॅबमध्ये स्लाइड दोनदा बघितल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही. व्हिडिओ चार वेळा बघितला. चिकटलेली पत्ती मागे वळत नाही. ती बटण दाबत नाही.
जुना बोर्ड, सडलेल्या चिपा, काहीही होऊ शकतं. असं लिहून ठेवते.

२६ फेब्रु., गुरु.
काल, आज पोटात काही नाही. आज साखरपाणी, तेही बळेच. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, असं चालू राहिलं तर सलाइन लावायला अॅडमिट करावं लागेल. अॅडमिट केलं की अण्णा परत येणार नाहीत, हे मला कळतं. त्यांना घरातली हीच एक जागा ओळखीची राहिलीय.

२७ फेब्रु., शुक्र.
वायर पूर्ववत करून घेतली आणि तीन वाजता मीच दुसऱ्या स्टुलावर बसले. अण्णा बाजूला बघतच नाहीत, नजर पडद्यावर. निळ्याला पुढं नेलं. मधेच मागे वळवून एक ठोसा मारला.
"आला व्हय! बरंय."
खेळत राहिलो. मग ते बोलायला लागले. हळू, पडद्याकडं बघत.
"रज्जाक, पोरगी सोलापूरला गेली रं शिकाया. घर लई सुनं वाटतंय. तिला सांगू नको. पळून येईल माघारी."
वीस वर्षं झाली त्याला. लॅबच्या कोर्सला मला एस.टी.त बसवून अण्णा वळूनसुद्धा न बघता निघून गेले होते. मी ती गोष्ट इतकी वर्षं मनात धरून ठेवली होती.
मी "हां" म्हटलं. चाचा म्हणायचे तसं, नाकातून.
दोन भाकरी. सगळ्या गोळ्या.

२ मार्च, सोम.
चार दिवस मी चाचा आहे. दवाखाना दोनला बंद होतो, पळत घरी, तीन ते पाच निळा, पुन्हा दवाखाना. अण्णांचं वजन सावरतंय. माझ्याविषयी काय काय ऐकलं. मला पहिल्यांदा पगार झाला त्या दिवशी पार्लरमधल्या सगळ्या पोरांना एकेक डाव फुकट दिला होता म्हणे. मला घरी काय म्हणाले होते? "बरं."
वेड लागल्यासारखी वाट बघते मी तीन वाजायची. आणि पाच वाजता हँडल सोडलं की मी पुन्हा सिस्टर.

४ मार्च, बुध.
आई आज बोललीच. "ते खातात, त्यांचं भागलं. तुला काय मिळतंय त्यातनं?"
"माझ्याबद्दल बोलतात."
"तुझ्याशी बोलत्यात का? मेलेल्या माणसाशी बोलत्यात. उद्या तुला हाक मारायची झाली तर कुनाला मारतील? तू तर तिथं रज्जाक होऊन बसलीस."
भांडले. ताट आपटलं. पण ती बरोबर बोलली.

६ मार्च, शुक्र.
बंद केलं. गजाननला बोलावून दुसऱ्या हँडलची जोडणी तोडली. बटणांच्या वायरी आतून काढल्या, टोकांना काळी टेप, सगळ्या मी डोळ्याने बघितल्या. हँडल नुसतं दिसायला. खेळ एका गड्याचा करून दिला, म्हणजे एकट्याने रस्ता सरकेल. दुसरं स्टूल माडीवर नेऊन ठेवलं.
अण्णा खेळले नाहीत. दोन नाणी मुठीत धरून बसले. संध्याकाळी मूठ उघडायला मला बोटं एकेक सोडवावी लागली.

८ मार्च, रवि.
दोन घास पेज. "रज्जाकला काय झालं?" असं आज पहिल्यांदा विचारलं. मी खरं सांगितलं. ते गेले, अण्णा, अकरा वर्षं झाली. माझ्याकडं बघून म्हणाले, "न्हाय सिस्टर. परवापतुर होता."

१० मार्च, मंगळ.
क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.
दवाखान्यातून सव्वातीनला आले. अंगणातच खेळाचा आवाज. दोघांच्या ठोशांचा, लालचा वेगळा, निळ्याचा वेगळा. वाटलं आई बसलीय. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात ओलं फडकं, त्यातून पाणी ठिबकतंय.
अण्णा त्यांच्या स्टुलावर. शेजारची जागा रिकामी. दुसरं हँडल सरळ उभं, हलत नव्हतं. पडद्यावर निळा चालत होता, वळत होता, मारत होता. रस्त्याचा तो भाग मी कधी बघितलेला नाही, तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो.
मी खोक्यामागं गेले. दार उघडलं. वायरी लोंबत होत्या. टेप जशीच्या तशी. हात लावून बघितला. गार.
पळावंसं वाटलं. तेवढ्यात अण्णांनी मान न वळवता हाक मारली.
"शीले."
चौदा महिन्यांनी माझं नाव.
"उभी का गं? बस की. रज्जाकचा डाव होऊ दे, मग तू."
जमिनीवरच बसले. त्यांच्या गुडघ्याला टेकून. किती आनंद झाला ते लिहिता येत नाही आणि किती भीती वाटली तेही. दोन्ही एकदमच. पाच वाजेपर्यंत मी रडले. अण्णा मधेच म्हणाले, "वाळलीस गं. दवाखान्यात खाया घालत न्हाईत व्हय?"

११ मार्च, बुध.
आजही. दोन नाणी, निळा, शीले. सकाळी हाक नाही, रात्री नाही, तेव्हा मी सिस्टरच. तीन ते पाच फक्त.
गजाननला फोन करून सगळं सांगून बसले, सवयच आहे मला सांगून टाकायची. तो म्हणाला, "खेळ चुकून दोन गड्यांवर पडला असंल. अन् नव्या बोर्डात कुठंतरी करंट गळत असंल, ताई. हार्डमधी असं हुतंय कदी कदी. उद्या साडेतीनला येतो, पाच मिन्टांचं काम. बंद करून टाकतो."
मी "बरं" म्हटलं. आईला सांगितलं. ती माडीवर जाऊन दुसरं स्टूल खाली घेऊन आली, पुसलं आणि त्याच्या जागी ठेवलं.

१२ मार्च, गुरु.
साडेतीन. हे लिहितेय अण्णांच्या पायाशी बसून. खेळ चालू आहे. निळा आज जरा सावकाश चालतोय, लालसाठी थांबतोय.
गजाननची गाडी दारात लागली. कडी वाजली. आई भिंतीला टेकून बसलीय, उठली नाही. मीही नाही. पुन्हा कडी. "ताई? ओ ताई?"
अण्णांनी विचारलं, "शीले, दारात कोन हाय?"
मी म्हटलं, "कुणी न्हाय, अण्णा."
आता फोन वाजतोय.