मेंढी क्रमांक ४१७ हिला पुरू नये याबाबत

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
जनावरांचा सरकारी दवाखाना,
फार्म रस्ता.

विषय : दवाखान्याच्या फ्रीजरमधील मेंढी क्र. ४१७ न पुरता परत मिळणेबाबत.
संदर्भ : 'मेंढीचा मृत्यू दडवल्याबद्दल खुलासा करावा' हे आपले दि. ९ चे पत्र.

महोदय,

अर्जदार ही फार्मवरील ट्रॅक्टरचालकाची पत्नी असून चाऱ्याच्या कोठीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहते. मागितलेला खुलासा खालीलप्रमाणे सविनय सादर आहे.

१. मेंढी मेलेली नाही. ती जिवंतही नव्हती. ती कापडाची असून आत कापूस आहे आणि तिचा डावा डोळा हे अर्जदाराच्या पतीच्या शर्टाचे बटण आहे. मेंढीचे नाव कापशी. मालक अर्जदाराची मुलगी बबडी, वय वर्षे चार.

२. बबडीला वर्षभर खोकला आहे. अंथरुणाला पाठ टेकली की छातीत शिट्टी वाजू लागते. सासूबाई याचा दोष फार्मवरच्या वाऱ्याला देत, पती सासूबाईंच्या तपकिरीला देत, आणि यावरून जेवताना रोज ठिणग्या उडत. अखेर मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी हातावर टोचून तपासणी केली, त्यात वारा आणि तपकीर दोघेही या गुन्ह्यातून सुटले. आरोपी निघाला माइट, म्हणजे धुळीत व जुन्या गवतात राहणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा किडा. बबडीच्या श्वासनलिका नाजूक, त्याचा कण गेला तरी आकसतात.

३. मुलगी कुणाला कुशीत घेऊन झोपते, असे डॉक्टरीणबाईंनी विचारताच घरच्यांनी एकमेकांकडे पाहिले. कारण बबडी रोज दुपारी कापशीला चाऱ्याच्या कोठीत चरायला नेत असे. वाळल्या गवतात लोळवायचे, पोट भरले का विचारायचे, आणि तशीच उचलून अंथरुणात आणायची. पोट भरत होते यात शंका नाही, पण माइटांनी. कोठीला त्याच दिवशी कडी लागली. मेंढीसाठी उपाय सांगितला तो असा : पिशवीत घालून पुरता एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवावी, नंतर गरम पाण्यात धुवावी.

४. अर्जदाराच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कापशीचे फक्त डोके मावले. सबब दि. २ रोजी आपल्या कंपाउंडरकाकांना गळ घातली आणि त्यांनी माणुसकीने तिला दवाखान्यातल्या रिकाम्या फ्रीजरमध्ये ठेवून घेतले. घोटाळा इथे झाला. पिशवी हरवू नये म्हणून काही खूण हवी, तर दवाखान्यात साधी चिठ्ठी सापडेना. जनावरांच्या कानात टोचायचे बिल्ले मात्र दोन डबे भरून होते. काकांनी कापशीच्या कानात बिल्ला टोचला आणि तीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप नोंदवहीकडे गेला : 'मेंढी, मादी, क्र. ४१७. तक्रार : किडे.' दुसऱ्या दिवशी काका महिन्याच्या रजेवर गेले आणि आपण रुजू झालात.

५. संसर्गाच्या भीतीने पिशवी न उघडता आपण फ्रीजरला सील ठोकलेत, ही खबरदारी अर्जदाराला पटते. त्यानंतर 'मेंढीने शेवटचा चारा कधी खाल्ला' असे लेखी विचारण्यात आले. अर्जदाराने मुलीला विचारून प्रामाणिकपणे कळवले की, सोमवारी, पण थोडाच. या उत्तराने प्रकरण चिघळले हे अर्जदार कबूल करते. फार्मवरच्या बत्तीस मेंढ्या तेव्हापासून कोंडून आहेत आणि मेंढपाळमामा नळावर सगळ्यांदेखत विचारतात, "काय ताई, घरचा कापडी हत्ती तरी बरा आहे ना?"

६. शुक्रवारी ४१७ ला चुन्याच्या खड्ड्यात पुरण्यात येईल, मालकाने हजर राहावे, असा आपला हुकूम आहे. मालकाला अर्जदाराने अद्याप हे सांगितलेले नाही. खरे लिहायचे तर या नऊ दिवसांत बबडीचा खोकला निम्म्यावर आला आहे. त्यामुळे जाऊ दे, विसरेल, असे अर्जदाराच्याही मनात येऊन गेले. परंतु काल निजताना ती म्हणाली, "आई, तिला आण ना. मी खोकला तोंडातच ठेवीन." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिने ओठ मिटून तो खरोखरच आत दाबून धरला. खोकला दाबणाऱ्या मुलीपेक्षा धुतलेली मेंढी केव्हाही बरी, असे डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी लिहून दिले आहे. माइटांचे म्हणाल, तर नऊ दिवसांत त्यांची नातवंडेसुद्धा गारठून गेली असतील.

७. तरी पिशवी एकवार उघडून पाहावी ही विनंती. नोंदवहीत एकदा लिहिलेली मेंढी खोडता येत नसल्यास ती कागदोपत्री मृत दाखवण्यास अर्जदाराची हरकत नाही. बिल्ला खड्ड्यात पुरावा. अर्जदार हजर राहील आणि हसणार नाही. फक्त मेंढी शुक्रवारी मुलीच्या झोपेच्या वेळेआधी हाती मिळावी. कानाचे भोक अर्जदार घरी शिवून घेईल.

आपली नम्र,
अर्जदार (बबडीची आई)
दि. ११, बुधवार

सोबत :
१. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
२. मेंढीचा फोटो. डावीकडची मेंढी, उजवीकडची मालक.
३. पाचव्या परिच्छेदावरची निळी रेघ मालकाची आहे, ती दुपारची झोप लवकर मोडल्याने उमटली. खाडाखोड समजू नये.
४. लोकरीची टोपी, नग एक. ही अर्जाचा भाग नाही. सील निघताच मेंढीला घालावी आणि आधी कान झाकावेत, असे मालकाचे सांगणे आहे.