कंपनीच्या शिक्क्याचं पाकीट

नेरूळ,
१२ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. गोजरावहिनींस,
शालनचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. फेब्रुवारी-मार्चात आमच्या ऑफिसात माणूस माणसाला ओळखत नाही. सगळ्यांना टॅक्स वाचवायचा असतो आणि सगळ्यांना तो आत्ताच आठवतो. विम्याच्या पावत्या, पोस्टाच्या सर्टिफिकिटांच्या झेरॉक्स, कुणाची पावती मेव्हण्याच्या नावाची, तर कुणाची उंदराने कुरतडलेली. टाइप करून करून बोटं वळेनाशी झालीत.

त्यातच यंदा कंपनीने एक चांगली गोष्ट काढली आणि साहेबांनी तिची माती केली. कामगारांनी दर रविवारी इथे नेरूळला वर्गाला जायचं, प्लँट ऑपरेटरची परीक्षा द्यायची आणि दोन वर्षांची फी कंपनीने भरायची. पगारातून काही कापणार नाहीत, त्या फीवर टॅक्सही नाही. पण कागद वाचवायला म्हणून साहेबांनी हे टॅक्सच्या फॉर्मच्या खालीच छापायला लावलं, तेही इंग्रजीत. टॅक्सच्या कागदावर नवी ओळ म्हणजे नवी कपात, असं धरून अख्ख्या शिफ्टने तिथे ‘निरंक’ लिहून टाकलं. आता साहेब हेड ऑफिसला कळवायला निघालेत, की आमच्या लोकांना शिकायची हौसच नाही.

दादानेही निरंकच लिहिलंय. त्याला तर मी समोर बसवून सगळं समजावलं होतं. दोन वर्षांनी जुना प्लँट बंद होणार. परीक्षा दिलेले नव्या प्लँटला जातील आणि बाकीचे लोडिंगला, गोण्या उचलायला. त्याच्या कमरेचं दुखणं तुम्हाला ठाऊकच आहे. तर हसून म्हणाला, की आता या वयात पोरांच्या बाकावर बसू होय? वहिनी, एकतीस मार्चपर्यंत मुदत आहे. तुमचं तो ऐकतो. चांगलं फैलावर घ्या त्याला.

आईला नमस्कार, पोरांना पापा. लोभ असाच ठेवा.

तुमची,
शालन

---

कोरेगाव,
२४ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. शालनवन्संस,
अनेक आशीर्वाद.

इतक्या दिवसांनी पत्र आलं आणि तेही आमच्या नवऱ्याची तक्रार घेऊन. नणंद शोभता खऱ्या. इकडे हरभरा काढून झाला. आईंच्या गुडघ्याची सूज उतरलीय, पण पथ्य म्हणून काही पाळत नाहीत. धाकटा आजोळी गेलाय म्हणून घर शांत आहे.

परीक्षेचं म्हणाल तर ते त्यांचं बघतील, मी त्यात काय बोलणार? प्लँट बंद होणार, बंद होणार, हे तर मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. वर्ग दर रविवारी असतात ना? दोन वर्षांत रविवार किती येतात, ते तुम्ही कधी टाइप करून बघितलंत का? तुम्हाला ते रोज दिसतात, वन्सं.

जास्त बोलले असेन तर पोटात घाला. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी,
गोजरा

---

नेरूळ,
६ मार्च १९९७

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. तशीच उठले आणि दादाला त्याच्या शिरवण्याच्या खोलीवर गाठलं, तेव्हा कुठे तो बोलला. संक्रांतीला त्याने वर्गाचा विषय काढला आणि तुम्ही काही न बोलता ताटावरून उठलात. तो म्हणाला, की महिन्यातून एक रविवार मी तिच्या वाट्याला येतो, तोही काढून घेऊ काय? मी तुमच्यावर चिडून होते. आता कुणावर चिडावं तेच कळत नाही. डोळे मिटले की दादा पाठीवर गोणी घेतलेला दिसतो, कूस बदलली की तुम्ही दारात उभ्या. झोप अशी लागतच नाही.

एक मात्र उमगलं. आपल्या आळीतल्या दत्तूला ऑफिसात विचारलं तर तो आईला विचारून सांगतो म्हणाला, दुसरा एक जण बायकोला विचारतो म्हणाला. म्हणजे ठरायचं गावाकडे आणि आम्ही कागद वाटत बसलो तळोज्याच्या कारखान्यात. म्हणून साहेबांशी भांडून मराठीत साधं पत्र केलं आणि कंपनीच्या शिक्क्याच्या पाकिटात घालून प्रत्येकाच्या घरी, घरातल्या बाईच्या नावाने धाडलं. टॅक्सच्या गडबडीत हे नसते उद्योग कशाला, असं साहेब म्हणाले. म्हटलं, टॅक्सचं मी रात्री थांबून करते.

तुम्हालाही पाकीट येईल. नाही म्हणालात तरी मी रुसणार नाही, फक्त गप्प बसू नका. दिवस थोडे उरलेत आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. मला आपली म्हणत राहा.

तुमची,
शालन

---

कोरेगाव,
१७ मार्च १९९७

चि. सौ. शालनवन्संस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट आलं. वन्सं, तुम्ही एवढ्या ऑफिसात बसणाऱ्या, पण तुम्हाला कसं सुचलं नाही? कंपनीच्या शिक्क्याचं पाकीट आमच्या आळीत याआधी एकदाच आलं होतं, दत्तूचे चुलते मुंबईच्या कारखान्यात अपघातात गेले तेव्हा.

पोस्टमनने माझं नाव पुकारलं, शिक्का दाखवला आणि आई ओट्यावरच बसल्या. आळी जमली. पाकीट फोडायला कुणाचा हात होईना. मी भिंत धरून उभी होते. शेवटी शेजारच्या बाळाबाईंच्या सुनेने फोडलं आणि मोठ्याने वाचलं, की आपल्या यजमानांच्या शिक्षणाची फी कंपनी भरणार आहे. तिला तीनदा वाचायला लावलं. आई हसायला लागल्या, पण डोळ्यांचं पाणी काही थांबेना. मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि मग तुम्हाला अशा शिव्या घातल्या, की उचक्या लागल्या असतील.

पण खरं सांगते, ते पाकीट फुटेपर्यंत मला एकही रविवार आठवला नाही. माणूस असू दे, कुठे का असेना, एवढंच देवाजवळ मागत होते.

त्यांना कळवलंय, सही करा. दत्तूच्या आईनेही हो म्हटलंय, तिची काळजी करू नका. दत्तू होळी करून परत निघेल, त्याच्याबरोबर पोळ्या पाठवते. त्यातल्या निम्म्या यांच्या आहेत, सगळ्या तुम्ही ठेवून घेऊ नका.

आणि एक. रविवारी येऊ नका, आलात तर दार उघडणार नाही, असं मी त्यांना लिहिलंय. ते खोटं आहे. नुसती कडी वाजली तरी मी उघडीन. म्हणून तुम्हीच त्यांना एस.टी.त बसू देऊ नका.

आहे ती माया वाढू द्या आणि यापुढे निळं अंतर्देशीयच पाठवा.

तुमची वहिनी,
गोजरा